एका जुनिपरचं वन

जुनिपर मेला तरी बरेच दिवस हिरवा दिसतो. मुळं कुजलेली असतात, सालीखालचा जिवंत थर वाळलेला असतो, आणि वरची पालवी मात्र आठवडेच्या आठवडे रंग सोडत नाही. एकाच जुनिपरपासून बोन्सायचं वन उभं करण्याबद्दल जे लिहिलं-दाखवलं जातं, ते पाहताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. प्रात्यक्षिकं होतात एका दुपारी. नर्सरीतलं एक झुबकेदार झाड येतं, ते आडवं पाडतात, छाटतात, तारा गुंडाळतात, वरून शेवाळ पसरतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्या फोटोतलं वन जिवंत आहे की मेलेलं, हे फोटो काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘एकाच झाडाचं वन’ या नावाखाली तीन निरनिराळे उद्योग चालतात. पहिल्यात मूळ झाडाच्या काड्या रुजवून रोपं करायची, ती वाढवायची आणि मग एका पसरट ट्रेमध्ये जंगलासारखी लावायची. दुसऱ्यात त्याच झाडाच्या जाड फांद्यांवर गुटी बांधायची, मुळं सुटली की त्या कापून घ्यायच्या आणि पुढे मूळ झाड नि हे तुकडे एकत्र लावायचे. तिसऱ्यात काहीच वेगळं करायचं नाही. झाड कुशीवर निजवायचं, खालच्या बाजूच्या फांद्या काढायच्या, उरलेल्या आकाशाकडे वळवायच्या आणि मातीला टेकलेल्या खोडाच्या पोटातून मुळं फुटवायची. या तिसऱ्या प्रकाराला जपानी परंपरेत इकादाबुकी म्हणतात, आपल्याकडचे छंदी लोक सरळ राफ्ट म्हणतात. खाली आडवं पडलेलं खोड नागमोडी असलं की तोच प्रकार नेत्सुरानारी होतो. चौथाही एक प्रकार आहे: मुळं नसलेल्या फांद्या कापून तशाच ट्रेमध्ये खोचणं. तो आढाव्यात घेण्याच्या लायकीचा नाही, पण कार्यशाळांतून सर्रास दिसतो.

तिन्हींत राफ्टचा गवगवा सर्वांत जास्त आणि काड्यांच्या वाटेचा सर्वांत कमी. जुनिपरच्या बाबतीत हे उलट असायला हवं, असं माझं मत आहे.

आधी एक आक्षेप निकालात काढू. एका झाडाचं वन म्हणजे लबाडी, खरं जंगल अनेक बियांतून उगवतं, असं काही जण म्हणतात. महाराष्ट्रात तरी हा आक्षेप टिकू नये. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक झाड किती खोडांनी उभं राहू शकतं हे सांगायला नको. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मूळ खोड रोगामुळे 1925 मध्ये काढून टाकावं लागलं. झाड पारंब्यांच्या खोडांवर आजही वाढतं आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात अ‍ॅस्पेनचं ‘पांडो’ नावाचं जंगल सुमारे 43 हेक्टरवर पसरलं आहे. सुमारे 47,000 खोडं, आणि सगळी एकाच मुळांच्या जाळ्यातून फुटलेली. जपानच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या डोंगरांत बर्फ इतकं पडतं की सुगी वृक्षाच्या खालच्या फांद्या त्याच्या भाराने जमिनीला चिकटतात, तिथेच मुळं धरतात आणि नवी खोडं होऊन उभ्या राहतात. राफ्टची कल्पना अशाच एका देखाव्यातून आली आहे: वादळाने किंवा दरड कोसळून आडवं झालेलं झाड मरत नाही, त्याच्या फांद्याच पुढची झाडं होतात. तेव्हा निसर्गाला ही गोष्ट परकी नाही. वादळ मात्र रोज शंभर झाडं पाडतं आणि त्यातलं एखादंच जगतं. आपल्या हातात एकच झाड असतं.

वनरचनेची जपानी परंपरा, म्हणजे योसे-उए, मुळात जुनिपरची नव्हेच. ती मेपलची, बीचची, झेलकोव्हाची आणि एझो स्प्रूसची. 1923 च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले शहर सोडून बाहेर पडले आणि 1925 मध्ये ओमिया इथे त्यांनी बोन्सायचं गाव वसवलं. तिथल्या मानसेई-एन या बागेचे साबुरो कातो यांनी एझो स्प्रूसची वनं रचण्यात आयुष्य घालवलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. वन रचताना काय पाहायचं, याचे आज जगभर शिकवले जाणारे बरेचसे धडे त्या पिढीतून आले आहेत. जुनिपर हा जपानी डोळ्याला एकट्याचा वृक्ष वाटत आला: कडेकपारीत वाढलेला, पिळवटलेला, अर्धा वाळून पांढरा पडलेला. त्याचं नाट्य एका खोडात मावतं. गर्दीत त्याला कशाला ढकलायचं?

तरीही जगातलं सर्वांत प्रसिद्ध बोन्साय-वन जुनिपरचंच आहे, आणि ते अमेरिकेत घडलं. जॉन नाका यांचा जन्म 1914 साली कोलोरॅडोतला. बालपणाचा मोठा भाग जपानात गेला आणि पुढचं बहुतेक आयुष्य कॅलिफोर्नियात. त्यांच्या ‘गोशिन’ या रचनेतल्या पहिल्या दोन झाडांवर त्यांनी 1948 च्या सुमारास काम सुरू केलं. जपानातल्या एका देवस्थानाजवळचं सुगीचं उंच, सरळ जंगल त्यांच्या मनात होतं. 1964 च्या सुमारास सात झाडं एका कुंडीत उभी राहिली, नातवंडांच्या संख्येइतकी. नातवंडं वाढत अकरा झाली, तशी झाडंही अकरा झाली. 1984 मध्ये त्यांनी ही रचना अमेरिकेच्या राष्ट्रीय बोन्साय प्रतिष्ठानला दिली आणि ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

गोशिन एका झाडापासून केलेलं नाही. झाडं वेगवेगळी आणली, वेगवेगळी वाढवली. पण ती सगळी ‘फेमिना’ या एकाच वाणाची आहेत, आणि हा वाण काड्या लावूनच वाढवला जातो. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्या अकरा झाडांत एकच झाड अकरा वेळा उभं आहे. आणखी एक गंमत: चिनी जुनिपरमध्ये बहुतांशी नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. एका जुनिपरपासून केलेलं वन त्यामुळे सबंध नरांचं किंवा सबंध माद्यांचं असतं. त्यात बी धरणार नाही. पाहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, हे खरं.

शिंपाकू या जपानी जुनिपरचीही कथा अशीच. शिकोकूच्या इशिझुची डोंगरावरून आणि नीगाताकडच्या इतोइगावा भागातून जुने, वाऱ्याने कोरलेले शिंपाकू उपटून आणण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतका चालला की डोंगर रिते झाले. आता ‘इतोइगावा’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक त्या थोड्या झाडांच्या काड्यांपासून झालेलं. नर्सरीतून एकाच खेपेतली सात शिंपाकू आणून वन करणारा माणूस नकळत एकाच जुनिपरचं वन करत असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा ‘एका झाडापासून’ या शब्दांत वाटतो तितका चमत्कार नाही. चमत्कार असलाच तर तो पद्धतीत असतो, आणि तिथे जुनिपरचा स्वभाव आडवा येतो.

हा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा, कारण राफ्ट फसतो तो इथेच. वड-उंबरासारख्या झाडात एक मोठं मूळ तुटलं तर बाकीची मुळं त्याचा भार वाटून घेतात. जुनिपरमध्ये अशी वाटणी फार कमी. एका मुळापासून निघालेली जिवंत रेषा खोडावरून चढत जाते आणि ठरावीक फांद्यांनाच पोसते. मूळ मेलं की ती रेषा मरते, आणि रेषेवरची फांदीही. जुन्या शिंपाकूच्या खोडावर पांढऱ्या लाकडाशेजारी साल राखलेला एकच तांबूस पट्टा वर जाताना दिसतो, तो याचाच पुरावा. दुसरी गोष्ट म्हणजे जुनिपरची ताकद पालवीत असते. पालवी भरमसाट काढली की मुळं खंगतात. तिसरी गोष्ट, फांदीवरचा सगळा हिरवा भाग काढला तर उघड्या जुन्या लाकडातून नवा फुटवा येण्याची आशा ठेवू नये. पानझडी झाडांवर जे अत्याचार खपतात ते इथे खपत नाहीत.

आता याच झाडाला आडवं पाडा. त्याची वर असलेली बाजू जुन्या मुळांवर जगते आहे. खालची बाजू आपण सोलून मातीत दाबली आहे आणि तिथून नवी मुळं यावीत अशी अपेक्षा आहे. ती येतात, जुनिपर संथ आहे, पण नाठाळ नाही. मात्र नवी मुळं पाणी देणार ती आपल्याला लागून असलेल्या रेषांना. खोडाच्या अगदी माथ्यावरून निघालेली फांदी, जी आपण सर्वांत उंच वृक्ष म्हणून मोठ्या हौसेने उभी केली, ती या नव्या मुळांपासून सर्वांत दूर. ती जुन्या मुळांच्या गड्ड्यावरच अवलंबून राहते. वर्षभरात खालून पांढरी मुळं डोकावलेली पाहून मालक खूश होतो, जुना गड्डा कापतो, आणि काही महिन्यांनी नेमका मुख्य वृक्ष तांबूस पडू लागतो. मग दोष पाण्याला, उन्हाला, किडीला.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. झाड निवडतानाच माथ्यावरच्या फांद्यांपेक्षा कुशीतून, जमिनीच्या जवळून निघणाऱ्या फांद्या पाहाव्यात आणि त्या तारेने वर वळवाव्यात. खालची साल सलग सोलण्यापेक्षा तुकड्यातुकड्याने काढावी आणि प्रत्येक जखम ज्या फांदीखाली असेल तिच्या दिशेने थोडी वर, कुशीकडे न्यावी. जखमेला रुजवणीचं संप्रेरक लावावं, खाली चाळलेलं भरड माध्यम आणि ओलसर स्फॅग्नम शेवाळ असावं. जुना मुळांचा गड्डा एका बाजूला तसाच राहू द्यावा. तो दिसायला ओंगळ दिसतो, लाकडी खोक्यातून बाहेर डोकावतो, त्यावर ओलं गोणपाट घालून ठेवावं लागतं. दोन-तीन वर्षं तरी तो काढू नये. काढायचा तोही टप्प्याटप्प्याने, दर वेळी थोडा. या काळात पालवीला कात्री जवळजवळ लावूच नये. थोडक्यात, आडवं पाडण्याच्या दिवसाला फारसं महत्त्व नाही. प्रात्यक्षिकात जे दाखवतात ते नेमकं बिनमहत्त्वाचं असतं, आणि तिसऱ्या वर्षी गड्डा कापायला कुणी प्रेक्षक बोलावत नाही.

राफ्टची दुसरी अडचण दिसण्याची. एका खोडावरच्या फांद्या साहजिकच एका ओळीत उभ्या राहतात, आणि वन कुंपणासारखं दिसतं. खोल जंगल भासवायला पुढे-मागे खोडं हवीत. खोड पाडण्याआधी तारेने नागमोडी वळवलं, किंवा काही फांद्या आधी आडव्या पुढे-मागे नेऊन मग वर उचलल्या, तर हे साधतं. पण जुनिपरच्या जाड खोडाला वळण देणं म्हणजे पुन्हा त्या जिवंत रेषांवर ताण. साल सोलायची, खोड वाकवायचं आणि फांद्या उभ्या करायच्या हे तिन्ही एकाच दिवशी उरकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आधी वळण द्यावं, झाड सावरू द्यावं, पुढच्या वर्षी पाडावं.

मग राफ्ट करावाच का? एका कारणासाठी जरूर करावा. नर्सरीत एखादं जुनिपर असं असतं की एका अंगाला भिंत असल्याने त्या बाजूची सगळी पालवी मेलेली, आणि दुसऱ्या अंगाला फांद्यांचा पिसारा. एकट्याचा बोन्साय म्हणून ते टाकाऊ. राफ्टसाठी तेच उत्तम, कारण मेलेली बाजू जमिनीकडे जाते. शिवाय राफ्टमध्ये झाडं बांधून ठेवण्याची कटकट नाही. सगळी एकाच खोडावर घट्ट आहेत. सुट्या झाडांचं वन करताना ट्रेच्या भोकांतून तारा ओढून किंवा बांबूच्या काड्यांची चौकट करून प्रत्येक बुंधा जखडावा लागतो, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात सगळं डळमळतं आणि नवी मुळं तुटतात.

गुटीची वाट मधली आहे. जुनिपरच्या गुटीला एक हंगाम तरी लागतो, पुष्कळदा त्याहून जास्त, आणि घाईने कापलेली गुटी हमखास जाते. पण हाती लागतो तो तयार, जाड, वयस्क वाटणारा तुकडा. वनातला मुख्य वृक्ष मिळवायला ही वाट चांगली. सगळंच वन गुटीने करायला जाऊ नये. मूळ झाडावर एका वेळी पाच-सहा ठिकाणी साल काढली तर ते काय खाणार?

राहिली काड्यांची वाट. हिची बदनामी एवढीच की वेळ लागतो. जुनिपरच्या काडीला मुळं फुटायला काही महिने लागतात आणि पेन्सिलीइतकी जाडी यायला काही वर्षं. पण जुनिपरच्या वनाचं जे खरं वैभव, पालवीचा एकसारखा पोत आणि रंग, ते या वाटेने फुकट मिळतं, आणि प्रत्येक झाडाला पहिल्या दिवसापासून स्वतःची मुळं असतात. वेगवेगळ्या झाडांचं वन करणाऱ्यांना एक झाड निळसर, दुसरं पिवळसर, एकाची पालवी टोचरी सुईसारखी नि दुसऱ्याची मऊ खवल्यांची असा घोळ निस्तरावा लागतो. इथे तो नाही. (जास्त छाटलं तर खवल्यांच्या पालवीचं जुनिपरही रुसून टोचऱ्या सुया काढतं, ते वेगळं.) दरवर्षी थोड्या काड्या लावत राहिलं तर वेगवेगळ्या वयाची झाडं आपोआप तयार होतात. काही जमिनीत लावून झपाट्याने जाड करावीत, काही लहान कुंडीत रोखून ठेवावीत. दहा वर्षांनी एकाच रक्ताची पण एका वयाची नसलेली पंचवीस झाडं हाताशी असतील, तर वन रचणं ही निवड असते. राफ्टमध्ये निवड नसते; फांदी जिथे आहे तिथेच झाड.

एकाच झाडाच्या वनाचं सगळं कौशल्य इथे येऊन ठेपतं. साम्य आपल्याला आयतं मिळालेलं असतं, फरक घडवावा लागतो. सर्वांत उंच झाड सर्वांत जाडही असावं, आणि ते मधोमध नसावं. लहान, बारीक झाडं मागे ठेवली तर ती दूर असल्याचा भास होतो. पुढे ठेवली तर सगळी खोली नाहीशी होते. समोरून पाहताना कुठलंही खोड दुसऱ्याच्या आड पूर्ण लपू नये, आणि तीन खोडं एका सरळ रेषेत येऊ नयेत. कडेची झाडं उजेडाकडे थोडी बाहेर झुकलेली, त्यांना बाहेरच्या अंगाला खालपर्यंत फांद्या. आतली सरळ, निम्म्या उंचीपर्यंत उघडी. झाडं विषम संख्येत घेण्याचा नियम सगळे सांगतात, पण दहा-बाराच्या पुढे डोळा मोजतच नाही. नियमापेक्षा जंगलाच्या कडेला तासभर उभं राहणं जास्त उपयोगी पडतं. आणि त्यासाठी जुनिपरचं जंगल शोधायला नको. नाका यांनीही जुनिपरमधून सुगीचं जंगल उभं केलं.

महाराष्ट्रात हे किती जमतं? बोन्सायचा छंद पुण्या-मुंबईत जुना आहे. पुण्यात 2018 मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शनही भरलं. जुनिपर मात्र थंडी मागणारं झाड. पुणे, नाशिक, साताऱ्याच्या कोरड्या थंडीत ते बरं राहतं; मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने मुळं कुजण्याची भीती आणि विश्रांतीपुरती थंडी नाही. आपल्या नर्सरीतलं जुनिपर बहुधा पिशवीत, चिकट लाल मातीत वाढलेलं असतं. ती माती एकदम धुऊन काढून त्याच दिवशी राफ्ट करायचा मोह टाळावा. आधी एक वर्ष फक्त माती बदलण्यासाठी द्यावं, थंडीच्या अखेरीस: चाळलेला विटांचा चुरा, बारीक खडी किंवा प्यूमिस, थोडं पानखत. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, आणि तो आल्याचं फार उशिरा कळतं, कारण पालवी फक्त थोडी मळकट, राखी दिसते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहिली की हलणारे ठिपके दिसतात. मार्च ते मे दरम्यान ही झटकाझटक दर आठवड्याला करावी आणि पालवीवर आतल्या बाजूनेही पाण्याचा फवारा मारावा.

मुंबईकराला मी जुनिपर सुचवणारच नाही. तोच राफ्ट फायकसच्या एखाद्या जातीचा केला तर एका पावसाळ्यात मुळं धरतो, चूक पोटात घालतो आणि उघड्या लाकडातूनही फुटतो. हात बसवायला तेच झाड बरं. ज्याला जुनिपरच हवं त्याने निदान पहिला राफ्ट फायकसचा करून, तो गड्डा कापून, पुढची दोन वर्षं पाहून मग जुनिपरला हात लावावा.

वन जमलं की त्याचं दुखणं वेगळं सुरू होतं. मुख्य झाडाला सर्वांत जास्त उजेड मिळतो, म्हणून तेच सर्वांत जोरात वाढतं, आणि आतली बारीक झाडं सावलीत पालवी गमावतात. जुनिपरची आतली फांदी एकदा मेली की गेली. म्हणून उंच झाडांचे शेंडे नियमित विरळ करून खाली उजेड पोचवत राहणं हे या वनातलं मुख्य काम, वर्षानुवर्षांचं. माती बदलताना सुट्या झाडांचं वनही आता एकच चटई झालेलं असतं; ते सुटं करू नये, करवतीने किंवा जाड सुरीने कडेची आणि खालची मुळं कापून तो तुकडा सबंध उचलावा, आतल्या भागात काडीने भोकं पाडून जुनी माती थोडी थोडी काढावी आणि नवी भरावी. राफ्टमध्ये काही वर्षांनी खालचं खोड कापून झाडं वेगळी करता येतात, आणि एखादं मेलं तर तसं करावं लागतंही, नाहीतर कूज शेजारच्या मुळांपर्यंत जाते. कापल्यावर मोकळ्या झालेल्या जागी त्याच झाडाच्या काडीपासून वाढवलेलं रोप लावता येतं. म्हणून राफ्ट करणाऱ्यानेही पहिल्याच वर्षी, फांद्या छाटताना, पाच-दहा काड्या बाजूला रुजत घालून ठेवाव्यात.